देहान्त शासन : मिल्लची एक अट

खुनी मनुष्यास देहान्त शासन द्यावें कीं न द्यावें, या वादांत दोन्ही पक्षांस सांगण्यासारखें पुष्कळ आहे. परंतु एकाच वक्त्यानें दोन्ही बाजूंचें बळ न्यायबुद्धीनें जोखल्याचीं उदाहरणें थोडीं. तसें एक भाषण २१ एप्रिल १८६८ रोजीं इंग्लंडच्या कॉमन्स सभेंत झालें. वक्ता होता जॉन स्टुअर्ट मिल्ल; आगरकरांच्या पिढीनें ज्याच्या ग्रंथांना गुरुस्थानीं मानलें, तोच.

तोंपर्यंत इंग्लंडनें फांशीचा बराच संकोच केला होता. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं तेथें सुमारें २०० गुन्ह्यांना ही शिक्षा होती. दुकानांतून ५ शिलिंगांचा माल गुपचूप लांबविणाराहि तींत सांपडे. परिणाम मात्र उलट झाला. क्षुल्लक चोरीसाठीं जीव घेण्यास ज्यूरीचे पंच धजत नसत. ते मालाची किंमत मुद्दाम कमी ठरवून आरोपीस वांचवीत. शिक्षेची जरब तिच्या उग्रतेपेक्षां निश्चितपणांत असते, हें बेक्कारिया या इटालियन पंडितानें १७६४ सालींच लिहून ठेवलें होतें; इंग्लंडास तें अनुभवानें पटलें. १८६१ नंतर खून, राजद्रोह अशा मोजक्या गुन्ह्यांपुरतीच फांशी उरली.

तीहि रद्द करावी, अशी सूचना सभेपुढें आली. भूतदयावाद्यांच्या विरुद्ध उभें राहण्याचा खेद व्यक्त करून मिल्लनें तिला विरोध केला. त्याचें म्हणणें असें : माणसास जन्मभर कोंडून कष्टविणें हें मरणाहून क्रूर आहे, तरी पाहणाराच्या मनावर त्याचा धाक मरणाइतका बसत नाहीं. जिचा धाक मोठा आणि प्रत्यक्ष यातना थोडी, तीच शिक्षा अधिक दयेची. दुसऱ्याचा जगण्याचा हक्क हिरावणारानें स्वतःचा हक्क गमावला, असा नियम केल्यानें जीविताचें मोल घटत नाहीं, उलट वाढतें.

परंतु एक आक्षेप त्यानें दुर्लंघ्य मानला. निरपराध्यास फांशी दिली गेली, तर ती चूक कधींच सुधारतां येत नाहीं. जेथें न्यायपद्धति निरपराध्यास धोक्याची आहे, तेथें हा आक्षेप अजिंक्य होय, हें त्यानें मान्य केलें. इंग्लंडांत मात्र तशी चूक अत्यंत विरळ, असा त्याचा विश्वास होता.

श्रोतेहो, यापुढील कथा ८२ वर्षांनंतरची आहे. ९ मार्च १९५० रोजीं लंडनमध्यें टिमथी एव्हन्स या २५ वर्षांच्या तरुणास स्वतःच्या तान्ह्या मुलीच्या खुनाबद्दल फांशी झाली. सरकारपक्षाचा प्रमुख साक्षीदार होता त्याच घरांत राहणारा जॉन क्रिस्टी. १९५३ सालीं त्या घरांत आणखी प्रेतें सांपडलीं, आणि एव्हन्सच्या बायकोचा खून आपण केल्याची कबुली क्रिस्टीनें दिली. १९६६ सालीं एव्हन्सला क्षमा जाहीर झाली; ती ऐकण्यास तो उरला नव्हता. खुनाबद्दलची फांशी ब्रिटननें १९६५ सालीं तहकूब केली व १९६९ सालीं कायमची बंद केली.

आपल्या घटनासमितींत ३ जून १९४९ रोजीं डॉ. आंबेडकरांनीं ही शिक्षाच रद्द करण्याकडे आपला कल असल्याचें सांगितलें. ती रद्द झाली नाहीं. १९८० सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती दुर्मिळांतील दुर्मिळ प्रकरणांपुरती मर्यादित केली. मिल्लची अट मात्र तेथेंहि लागू आहे. फांशीचें समर्थन करणारानें आधीं आपल्या न्यायाच्या अचूकपणाची हमी द्यावी. ज्या देशाच्या न्यायालयांवर मिल्लनें विश्वास टाकला, त्या देशास ती देतां आली नाहीं.