बंगळुरूची नोंदवही

शहाजीराजांची जहागीर, गोऱ्यांची छावणी आणि अलीकडचा संगणकाचा धंदा, एवढ्यावर मराठी माणसाची बंगळुरूची ओळख बहुधा संपते. या शहराला आणखी एक इतिहास आहे. गेल्या पन्नासएक वर्षांत इथल्या काही नोकरदारांनी, विद्यार्थ्यांनी आणि प्राध्यापकांनी आसपासच्या पाखरांकडे, किड्यांकडे, बांबूच्या बेटांकडे नेटाने पाहिले आणि जे दिसले ते लिहून ठेवले. निसर्गाशी नाते जुळायला आधी प्रेम लागते असे आपण धरून चालतो आणि शाळेत मुलांकडून झाडांवर निबंध लिहून घेतो. बंगळुरूचा इतिहास उलटा क्रम सुचवतो. आधी प्रश्न पडतो, तो सोडवायला पुन्हापुन्हा त्याच जागी जावे लागते आणि त्या येरझाऱ्यांतच माया जडते.

यावर पहिला आक्षेप इतिहासातूनच येतो. कुतूहल काही सोवळे नाही. म्हैसूर संस्थानात वाघ-बिबट्यांविषयीचे औत्सुक्य बंदुकीच्या टोकाला असे. म्हैसूरच्या व्हॅन इंगेन बंधूंच्या कारखान्यात राजेरजवाड्यांच्या आणि साहेबांच्या शिकारी पेंढा भरून दिवाणखान्यात उभ्या राहण्याजोग्या केल्या जात. बंगळुरूच्या केनेथ अँडरसनने नरभक्षकांच्या कथा लिहून नाव मिळवले, तेही शिकारीवरच. सालिम अलींनी १९३९-४० मध्ये म्हैसूर संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली, तेव्हा पक्षी मारून नमुने गोळा करणे हीच शास्त्राची रीत होती. पण याच सालिम अलींनी १९३० साली अलिबागजवळच्या किहीमला सुगरणीच्या वसाहतीसमोर बसून जे शोधले, ते कुठल्याही पेटीतल्या कातड्याने त्यांना सांगितले नसते. नर अर्धवट घरटे विणून थांबतो, मादी ते पाहून पसंत करते, मग उरलेले विणकाम होते आणि तोच नर दुसऱ्या मादीसाठी दुसरे घरटे सुरू करतो. हे कळायला पक्षी जिवंत हवा आणि पाहणाऱ्याला सवड हवी. शिकाऱ्याचा प्रश्न जनावर पडले की मिटतो. सुगरणीपुढे बसलेल्याचा जिवंत पाखरापाशीच सुरू होतो. आक्षेप खरा आहे, पण तो कुतूहल अर्ध्यावर सोडणाऱ्यांना लागू पडतो.

ही दुसरी रीत बंगळुरूत रुजली ती मुंबईच्याच वाटेने. अंधेरीत वाढलेल्या झफर फतेहअलींनी १९६० च्या सुमारास पक्षीनिरीक्षकांसाठी एक साधे, चक्रमुद्रित वार्तापत्र सुरू केले. नावाजलेल्या शास्त्रज्ञाइतकीच हौशी वाचकाचीही नोंद त्यात छापली जाई, आणि हे त्या काळी छोटे धाडस नव्हते. पुढे फतेहअली बंगळुरूला आले आणि वार्तापत्रही त्यांच्याबरोबर आले. प्लायवूडच्या संशोधनात आयुष्य घालवलेल्या डॉ. जोसेफ जॉर्ज यांनी १९७२ मध्ये इथे पक्षीनिरीक्षकांचा क्लब उभा केला. वन्यजीव संरक्षण कायदा झाला तेही हेच वर्ष. क्लबची दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारची फेरी लालबागेत ठरली. हैदर अलीने वसवलेली, इंग्रजांनी देशोदेशीची झाडे आणून भरलेली ही बाग. तिच्यात निसर्ग तो किती, असे कुणी म्हणेल. पण बंगळुरूची तळी तरी कुठे निसर्गाने दिली आहेत? ओढे अडवून माणसांनीच ती बांधली. तिथे दरसाल हिवाळ्यात उतरणाऱ्या परदेशी बदकांनी बांधकामाची चौकशी कधी केली नाही. जागा जवळची होती, वर्षभर जाता येत होते आणि म्हणून वर्षानुवर्षांच्या नोंदी साठल्या. १९९४ मध्ये क्लबने बंगळुरूच्या पक्ष्यांची टिपांसह सूची काढली, ती अशा फेऱ्यांच्या जोरावर. दूरच्या अभयारण्यात वर्षातून एकदा जीप फिरवून अशी सूची होत नाही.

जवळच्या वस्तूकडे पाहण्याचे याहून ठळक उदाहरण राघवेंद्र गदगकरांचे. बंगळुरूच्या सेंट्रल कॉलेजात शिकत असताना प्राणिशास्त्र विभागाच्या खिडक्यांवर गांधीलमाश्यांची कागदी पोळी लटकलेली त्यांना दिसली. बाकीच्यांना ती काढून टाकण्याची अडगळ वाटली असावी. गदगकर भारतीय विज्ञान संस्थेत गेले, रेण्वीय जीवशास्त्रात पीएचडी केली, पण या काळातही माश्यांचा छंद त्यांनी सोडला नाही. शेवटी त्या छंदाचेच आयुष्यभराचे संशोधन झाले. प्रत्येक माशीच्या अंगावर रंगाचा ठिपका द्यायचा आणि कोण काय करते ते तासन्‌तास टिपत बसायचे, एवढ्याच भांडवलावर त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी दाखवून दिले की या पोळ्यातली राणी दांडगाई करत नाही, बहुतेक वेळ ती स्वस्थ असते. तिला काढून घेतले की एक माशी एकदम आक्रमक होते आणि पुढची राणी बनते. ती कोण असेल हे माणसाला आधी ओळखता येत नाही. माश्यांना मात्र ते ठाऊक असावे, असे प्रयोगांतून दिसले. महागडी यंत्रे नाहीत म्हणून आपल्याकडे विज्ञान होत नाही, असे गाऱ्हाणे ज्यांना घालायचे असेल त्यांनी ही खिडकी विसरू नये.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. दुर्बिणी, इंग्रजी पुस्तके आणि रविवारची सुट्टी असलेल्यांचा हा शौक; रानात राबणाऱ्याला कसले कुतूहल? इथे परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळांचे काम आठवावे लागते. पुण्यात वा. द. वर्तकांबरोबर देवराया धुंडाळून ते १९७३ मध्ये बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत आले. कर्नाटक सरकारने दांडेलीच्या कागद कारखान्याला टनाला दीड रुपया इतक्या नाममात्र दराने बांबू दिला होता आणि बांबू झपाट्याने संपत चालला होता. वनखात्याचे निदान तयार होते, दोष गावकऱ्यांचा आणि त्यांच्या गुरांचा. गाडगीळ आणि नरेंद्र प्रसाद यांनी बेटे प्रत्यक्ष तपासली, गावकऱ्यांनाही विचारले. बेटाच्या बुडाशी काटेरी फांद्यांचे जाळे असते. वाढ चांगली व्हावी म्हणून ते साफ करा, असा खात्याचा शास्त्रीय म्हणवणारा दंडक होता. जाळे गेले की कोवळे कोंब उघडे पडत आणि वानरांपासून गुरांपर्यंत जो येई तो ते खाई. काटे कशासाठी असतात हे गावकऱ्यांना माहीत होते. ज्यांच्या हातात कागद होते त्यांनी विचारले नव्हते. म्हणजे रानातल्या माणसाकडे कुतूहल नसते हे खोटे, त्याच्या माहितीला वहीत जागा नसते हे खरे. शहरी छंदाचा दोष असलाच तर तो हा आहे, आणि तो दूर करता येण्याजोगा आहे.

इतके पाहून वाचवले काय, हा शेवटचा प्रश्न टाळता येत नाही. पक्ष्यांच्या याद्या वाढत होत्या त्याच दशकांत बंगळुरूची कित्येक तळी बुजून बसस्थानके, मैदाने आणि वसाहती झाल्या, आणि बेळ्ळंदूरच्या तळ्याने तर पेट घेतला. निरीक्षणाने बिल्डर थांबत नाही, हे कबूल केलेच पाहिजे. पण नोंद नसेल तर भांडायला मुद्दाच उरत नाही. २०२० मध्ये भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल निघाला, तो १५,५०० निरीक्षकांनी दिलेल्या एक कोटीहून अधिक नोंदींवर उभा होता. चिमणी देशभरातून नाहीशी होत आहे या बोलवेला त्याने छेद दिला. एकूण संख्या स्थिर आहे, बंगळुरूसारख्या महानगरांत मात्र ती घटली आहे, असे त्यातून दिसले. शहराच्या वायव्येला हेसरघट्ट्याचे गवताळ माळ आहेत. सरकारी भाषेत ती पडीक जमीन, आणि तिथे चित्रनगरी उभारायचा घाट होता. त्या माळावर कोण येते, कोणाची वीण होते, हे सांगणाऱ्या नोंदी पक्षीनिरीक्षकांकडे होत्या. राज्य वन्यजीव मंडळाने जानेवारी २०२१ मध्ये संरक्षणाचा प्रस्ताव फेटाळला, प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच मंडळाने पाच हजारांहून अधिक एकरांचे संवर्धन राखीव क्षेत्र मान्य केले. एवढ्याने शहर सुधारले असे कोणी म्हणणार नाही, पण एक माळ उरला.

गावकऱ्यांची माहिती वहीत यावी, ही गाडगीळांची जुनी मागणी २००२ च्या जैवविविधता कायद्यात उतरली. प्रत्येक ग्रामपंचायतीची आणि नगरपालिकेची लोकजैवविविधता नोंदवही असावी, अशी तरतूद आहे. वर्षानुवर्षे ती कागदावर राहिली. हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली तेव्हा राज्यांची धावपळ उडाली आणि घाईत भरलेल्या वह्यांत काय असते, हे सरकारी काम पाहिलेल्यांना वेगळे सांगायला नको. ही वही महाराष्ट्रातल्या तुमच्या गावालाही लागू आहे. पंचायतीत जाऊन ती मागा, आपल्या शिवारातली टिटवी, घोरपड आणि रानभाज्या तिच्यात आहेत का ते पाहा, आणि नसतील तर गुराख्यांना, रानभाज्या विकणाऱ्या बायांना बरोबर घेऊन त्या लिहवून घ्या.