नेत्रशस्त्रक्रियागृहातील दत्तक मंडळी

एखाद्या आधुनिक रुग्णालयातील नेत्रशस्त्रक्रियागृहात प्रवेश केला असता, खांबावर तोललेला सूक्ष्मदर्शक, त्याच्या शेजारी मंद गुणगुणणारे, मोतीबिंदू फोडून शोषून घेणारे फेकोचे यंत्र, उंचावर लटकणारी क्षारजलाची बाटली आणि निर्जंतुक वेष्टनात जपून ठेवलेले, नखाहूनही लहान असे कृत्रिम भिंग, ही सारी मांडणी इतकी परस्परानुकूल भासते की, एकाच कुशल कारागिराने एकाच बैठकीत तिची तजवीज केली असावी, असे पाहणाऱ्यास वाटावे. तसे मुळीच झालेले नाही. या दालनातील बहुतेक महत्त्वाच्या वस्तू परक्या घराण्यांत जन्मल्या. नेत्रवैद्यकाने त्या दत्तक घेतल्या. आणि जुन्या जहागिरदारांच्या वाड्यात होत असे त्याप्रमाणे, यांतील काही दत्तविधानांना भाऊबंदांनी मोठी हरकतही घेतली.

या घराण्याचे औरस धन म्हणाल तर ती एक शलाका. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात लिंगनाशाचे, म्हणजे मोतीबिंदूचे, जे शस्त्रकर्म वर्णिले आहे, त्यात जवाच्या अग्रासारख्या टोकाची शलाका वैद्य डोळ्यात घालीत असे, आणि कर्म आटोपल्यावर रोग्याने शिंक, खोकला, ढेकर व थुंकणे कटाक्षाने टाळावे, असा दंडक होता. गढूळ झालेले भिंग बाहेर न काढता दृष्टिमार्गातून बाजूस लोटून देण्याची ही वहिवाट पुढे देशोदेशी चालली. आणि हिंदुस्थानातील गावोगाव फिरणाऱ्या सुईवाल्यांच्या हातून बिघडलेल्या डोळ्यांची हकिगत मद्रासच्या सरकारी नेत्ररुग्णालयाचे माजी प्रमुख रॉबर्ट हेन्री एलियट यांनी १९१७ साली ग्रंथरूपाने मांडली, म्हणजे विसाव्या शतकातही ती वहिवाट जिवंत होती. मराठी माणसास अभिमान वाटावा असा एक दुवा मात्र येथे नोंदवला पाहिजे. तंजावरचे मराठे राजे दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी धन्वंतरी महाल स्थापून नेत्ररुग्णांवर उपचार करविले, आणि त्या रुग्णांच्या नोंदी, रोगट डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह, तेथील सरस्वती महाल ग्रंथालयाच्या दफ्तरात आजही जतन केलेल्या आहेत. राजवाड्यात रुग्णाची अशी नोंद ठेवण्याची शिस्त असावी, ही गोष्ट मला त्या चित्रांच्या रंगांहूनही अधिक मोलाची वाटते.

भिंग ढकलण्याऐवजी ते काढूनच टाकण्याचे धैर्य फ्रेंच शस्त्रवैद्य झाक दाव्हिएल याने १७४७ साली केले व १७५२ साली पॅरिसच्या विद्वत्सभेपुढे ते मांडले. १८८४ मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल कोलर याने कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर करून दाखविला, तेव्हा रुग्णाला चार माणसांनी दाबून धरण्याचा प्रसंग संपला. तरीही शस्त्रक्रियेनंतर उशीजवळ वाळूच्या पिशव्या ठेवून मान निश्चल ठेवणे, दिवसेंदिवस उताणे पडून राहणे, आणि मग जन्मभर असा जाड चष्मा लावणे की ज्यातून सारे जग सुमारे पाव हिश्श्याने मोठे दिसावे व कडेचे काहीच दिसू नये, हे भोग सुटले नव्हते. मोतीबिंदू निघे, भिंगाची जागा रिकामीच राही.

ती जागा भरून काढण्याची कल्पना लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातील हॅरॉल्ड रिडली यांची. दुसऱ्या महायुद्धात हरिकेन जातीच्या लढाऊ विमानाचे पारदर्शक आच्छादन गोळ्यांनी फुटून त्याचे कण एका वैमानिकाच्या डोळ्यांत शिरले होते. परका पदार्थ डोळ्यात गेला की दाह होणार, हा त्या काळचा निरपवाद सिद्धान्त. परंतु पर्स्पेक्स नावाच्या त्या पदार्थाचे कण धारदार कडेने डोळ्यास टोचत नसतील तर तेथे स्वस्थ पडून राहतात, असे रिडली यांच्या ध्यानात आले. पुढे एका शस्त्रक्रियेच्या वेळी, काढलेल्या भिंगाच्या जागी दुसरे स्वच्छ भिंग बसविता येत नाही ही खंत एका विद्यार्थ्याने सहज बोलून दाखविली, आणि त्या सहजोक्तीने गोष्टीला गती आली. इंपीरियल केमिकल इंडस्ट्रीजने पर्स्पेक्स विशेष शुद्ध करून दिले, रेनर या चष्म्याच्या कारखान्याने भिंग घडविले, आणि २९ नोव्हेंबर १९४९ रोजी ते एका स्त्रीच्या डोळ्यात प्रथम ठेवण्यात आले. अशा रीतीने विमानविद्येचे अपत्य डोळ्याच्या घरी आले.

घरच्यांनी त्याचे स्वागत केले नाही. ब्रिटिश नेत्रवैद्यकातील अधिकारी पुरुष स्टुअर्ट ड्यूक-एल्डर यांनी १९५१ सालच्या ऑक्सफर्ड परिषदेत रिडलींचे रुग्ण पाहण्यासही नकार दिला, असे सांगतात. शस्त्रवैद्याने डोळ्यातून वस्तू काढावी, घालू नये, हा त्या पक्षाचा युक्तिवाद. त्या विरोधाला केवळ मत्सर म्हणून निकालात काढणे न्याय्य नव्हे. ते पहिले भिंग ८.३५ मिलिमीटर व्यासाचे व हवेत सुमारे ११२ मिलिग्रॅम वजनाचे, म्हणजे आजच्या मानाने भलतेच जड होते. काही डोळ्यांत ते आपल्या जागेवरून खाली घसरले. आणि शक्तीचा हिशेब चुकल्यामुळे पहिल्या रुग्णाला उणे बाजूचा जबर नंबर आला. हा हिशेब साधण्यासाठी ध्वनिलहरींनी डोळ्याची लांबी मोजणारे यंत्र आणि तिला अनुसरून भिंग निवडण्याची सूत्रे यावी लागली. कारण लांबी मोजण्यात एका मिलिमीटरची चूक झाली तर सुमारे अडीच ते तीन नंबरांचा फरक पडतो. रिडली मात्र दीर्घायुषी ठरले. स्वतःच्या डोळ्यांत त्यांनी कृत्रिम भिंगे बसवून घेतली, आणि २००० साली, मृत्यूच्या आदल्या वर्षी, त्यांना नाइट हा किताब मिळाला.

सूक्ष्मदर्शक आला तो कानाच्या घरून. स्टॉकहोमचे कर्णशस्त्रवैद्य कार्ल निलेन यांनी १९२१ साली तो शस्त्रक्रियेत वापरला. १९५३ साली झाइस कंपनीने घडविलेल्या नमुन्यापासून तो सर्वत्र रुळला. त्यातून डोळ्यात पडणारा प्रकाश दृष्टिपटलावरून परतताना जी लाल झाक देतो, तिच्या पार्श्वभूमीवर पातळसे पारदर्शक आवरणही शस्त्रवैद्यास दिसते. तिचा लोप झाला की तो थबकतो.

फेकोचे यंत्र दंतवैद्याच्या खुर्चीतून उठले. न्यूयॉर्कचे चार्ल्स केल्मन, हे गृहस्थ सॅक्सोफोनही उत्तम वाजवीत, मोतीबिंदू लहानशा छेदातून काढण्यासाठी तऱ्हेतऱ्हेची हत्यारे करून थकले होते. दात साफ करून घेताना दंतवैद्याच्या हातातील श्राव्यातीत कंपनांचे उपकरण त्यांनी पाहिले आणि दातावरचे कठीण कीटण जे उडविते ते डोळ्यातले कठीण भिंगही फोडील, हा विचार त्यांना तेथेच सुचला. १९६७ साली मनुष्याच्या डोळ्यावर पहिला प्रयोग झाला. डोळा असा निवडला होता की तो निकामी असून काढूनच टाकायचा होता. तेव्हा नुसत्या कंपनाच्या कामाला तासाहून अधिक वेळ लागला. आज तेच काम मिनिटांचे आहे. पोकळ सुई सेकंदाला सुमारे चाळीस हजार वेळा कंप पावते, भिंगाचा चुरा करते व तो शोषून घेते. पायाखालच्या पट्टीला तीन टप्पे असतात, पहिल्यावर पाणी, दुसऱ्यावर शोषण, तिसऱ्यावर कंपन. एक पाय या पट्टीवर व दुसरा सूक्ष्मदर्शकाच्या पट्टीवर ठेवून बसलेला शस्त्रवैद्य चारही हातापायांनी काम करीत असतो, हे पडद्याबाहेरच्या नातलगांना ठाऊक नसते.

येथे एक विसंगती उपस्थित झाली. केल्मन यांच्या पद्धतीने मोतीबिंदू सुमारे तीन मिलिमीटरच्या छेदातून निघे, पण रिडलींच्या वंशातले कडक भिंग बसविण्यासाठी तो छेद पुन्हा दुप्पट रुंद करावा लागे. हा तंटा १९८४ च्या सुमारास टॉमस मॅझोको यांच्या घडी घालता येणाऱ्या सिलिकोनच्या भिंगाने मिटविला. भिंग आत सरकविताना पारपटलाच्या आतल्या नाजूक पेशी खरवडू नयेत म्हणून जो चिकट द्रव डोळ्यात भरतात, तो एन्द्रे बालाझ यांनी कोंबड्यांच्या तुऱ्यांतून काढला, आणि १९८० च्या सुमारास तो वापरात आला. या वाड्यातील सर्वांत अनपेक्षित दत्तक हाच!

आपल्या देशात ही संपत्ती बराच काळ मूठभरांची होती, कारण भिंगे परदेशातून येत. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६ साली मदुराईत अकरा खाटांवर सुरू केलेल्या अरविंद नेत्ररुग्णालयाच्या परिवारात १९९२ मध्ये ऑरोलॅब हा भिंगांचा कारखाना निघाला आणि किंमत सामान्यांच्या आवाक्यात आली. त्यानंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने सात राज्यांत जो मोतीबिंदू-निवारण प्रकल्प चालला, त्यात महाराष्ट्रही होता. यंत्रावाचून, हाताने व लहान छेदातून बिनटाक्याची शस्त्रक्रिया करणारी पद्धतही याच काळात रुळली. कसलेल्या हातून ती फेकोहून उणी ठरत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

मोतीबिंदू पूर्ण पिकू द्यावा, मग काढावा, हा वडीलधाऱ्यांचा सल्ला जुन्या हत्यारांच्या काळात रास्त होता. फेकोच्या बाबतीत तो उलटा पडतो: भिंग जितके कठीण होईल तितकी कंपनाची शक्ती अधिक लागते, आणि पारपटलाच्या ज्या पेशी तिने दुखावतात त्या पुन्हा उत्पन्न होत नाहीत. म्हणून पोथी वाचताना, सुईत दोरा ओवताना वा रस्ता ओलांडताना अडू लागले, की आईवडिलांना तपासणीसाठी न्यावे. पिकण्याची वाट पाहू नये.