किल्लारीचा भूकंप आणि घर बघायला शिकलेल्या बाया

गटाच्या बैठकीत आपण हप्ता, व्याज, कर्ज यांवर बोलतो. आज घराबद्दल बोलू. घर म्हणजे संसार नाही, तर दगड, माती, विटा आणि वरचं छप्पर. हे घर माणसाला तारतं आणि मारतंही, हे महाराष्ट्राला किल्लारीनं शिकवलं.

२९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक उशिरा घरी आले आणि झोपले. ३० तारखेला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात जमीन हलली. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं काही सेकंदांत बसली. सुमारे दहा हजार माणसं गेली.

आधी काहीच कळलं नव्हतं असं नाही. १९९२ साली किल्लारीला लहान लहान धक्के बसले होते. लोक घाबरून बाहेर झोपू लागले होते. पुढे धक्के थांबले, भीती ओसरली आणि माणसं परत घरात झोपू लागली. आपल्या पठाराचा खडक पक्का आहे, इथं मोठा भूकंप होत नाही, असंच सगळे धरून चालले होते. १९६७ साली कोयनेला भूकंप झाला होता, पण ते तिकडचं, असं वाटायचं.

मग एवढी माणसं का गेली? तिथल्या घरांच्या भिंती जाडजूड दगडांच्या होत्या, पण सांधायला नुसता चिखल. भिंतीचा आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा, मध्ये बारीक दगडांची भर. वर लाकडावर मातीचं माळवद. पावसाळ्यात गळू नये म्हणून त्यावर वर्षानुवर्षं माती चढत गेलेली. जमीन हलताच भिंतीचे दोन थर फाकले आणि सगळी माती झोपलेल्या माणसांवर आली. जिथं माळवद लाकडी खांबांवर उभं होतं, तिथं काही ठिकाणी भिंती पडूनही छत राहिलं आणि आतली माणसं वाचली. गवताच्या झोपड्यांतलेही वाचले. मोठे वाडे बसले, झोपडी राहिली.

नंतरचे दिवस फार वाईट होते. वरून पाऊस, खाली चिखल. वाचलेल्यांनी हातांनीच दगड उपसले. मदतीला सैन्य आलं. जखमींना लातूर, सोलापूरला नेलं. पडलेल्या घरांचंच लाकूड चितांना लागलं, आणि एका चितेवर अनेकांना अग्नी द्यावा लागला. उरलेल्यांचा संसार पत्र्याच्या शेडमध्ये सुरू झाला. घरातलं कोणी गेलं असलं तरी चूल पेटवावीच लागते. ते काम कोणाच्या वाट्याला येतं, हे आपल्याला सांगायला नको.

सरकारनं जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसन हाती घेतलं. सर्वांत जास्त नुकसान झालेली ५२ गावं नव्या जागी बसवली. पण हजारावर गावांत घरं तडकलेली होती, पडलेली नव्हती. तिथं ज्यानं त्यानं आपलं घर दुरुस्त आणि मजबूत करायचं होतं. पैसे टप्प्याटप्प्यानं मिळणार होते. कोणाला किती, कशासाठी, कधी, हे घरातल्या बाईपर्यंत पोहोचतच नव्हतं.

इथं बाया पुढे आल्या. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या साथीनं गावोगावची महिला मंडळं कामाला लागली. गावागावांत बायांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमलं. त्यांनी योजना घरोघरी समजावली. भिंतीचे दोन थर बांधून ठेवणारा लांब दगड कुठं घालायचा, छतावरची माती किती उतरवायची, सिमेंटला पाणी किती दिवस मारायचं, हे त्या शिकल्या आणि गवंड्याला विचारू लागल्या. ज्यांना कोणी विचारत नव्हतं, त्या बांधकामावर उभ्या राहून काम तपासू लागल्या. २६ जानेवारी २००१ ला कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा यांतल्या काही जणी तिथल्या बायांना धीर द्यायला आणि अनुभव सांगायला गुजरातेत गेल्या.

हे आपल्यापासून फार लांबचं नाही. आपल्या पुसद-उमरखेडला लागून असलेल्या हिंगोली जिल्ह्यात २१ मार्च २०२४ ला भूकंपाचे धक्के बसले. आणि आता घरकुलाच्या कागदावर पुष्कळदा बाईचं नाव असतं. नाव आपलं, पण गवंड्याशी बोलणं घरच्या पुरुषाचं, असं का असावं?

गटात ज्यांचं घरकुल मंजूर आहे, त्यांनी चार गोष्टी विचाराव्या. पाया किती खोल? दारं-खिडक्यांच्या वरून सगळ्या भिंतींना बांधणारा सिमेंट-सळईचा पट्टा चारही बाजूंनी सलग फिरला का? कोपऱ्यात दोन भिंती एकमेकींत गुंफल्या का? बांधकामाला रोज पाणी पडतं का? जुन्या मातीच्या घरात राहणाऱ्यांनी फुगलेली भिंत आणि कुजलेली आडी बघावी, आणि तिच्याखाली लेकरांची अंथरुणं घालू नये.

किल्लारीच्या बायांना हे सगळं घरातली माणसं गमावल्यावर शिकावं लागलं. आपण ते आधी शिकू. पुढच्या बैठकीत एकीच्या घरी जमू, आणि हिशोबाची वही उघडण्याआधी सगळ्या मिळून तिच्या घराच्या भिंतींभोवती एक चक्कर मारू.