जोड कुणाची दाखवायची?

यंदा यात्रेच्या आदल्या रात्री तालमीसमोर पडदा लावायचा आणि गाजलेल्या कुस्त्या दाखवायच्या, असं पोरांनी ठरवलं. निवड माझ्यावर टाकली. जिल्हा परिषदेच्या शाळेत खेळ शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली, त्यामुळे पाटोदा तालुक्यात कुस्तीवरून वाद झाला की तो फिरतफिरत माझ्या ओट्यावर येतो. अट एकच होती : दोन तासांत आटपलं पाहिजे. त्यानंतर लोक भारुडाला जातात.

पोरं आपली यादी घेऊनच आली होती. तिच्यात पहिलं नाव अंडरटेकरचं. मला हसू आलं, पण नवल वाटलं नाही. गावात केबल आली त्या काळात मी पोरांच्या दप्तरांतून डब्ल्यूडब्ल्यूएफचे पत्ते किती जप्त केलेत! रँक, उंची, वजन, छाती. ज्याला सतराचा पाढा येत नव्हता त्याला प्रत्येक पैलवानाचं वजन पाठ होतं.

निकाल आधी ठरवून खेळलेल्या कुस्तीला आपल्याकडे नुरा कुस्ती म्हणतात, आणि गावच्या फडात नुरा लढणाऱ्याला लोक पागोट्यासकट बाहेर काढतात. अमेरिकेत मात्र नुराचाच धंदा झाला, आणि फार मोठा झाला. तरी त्यांच्यातली एक कुस्ती मी यादीत ठेवली. २९ मार्च १९८७, डेट्रॉइटजवळचं पाँटियाक, हल्क होगन आणि आंद्रे द जायंट. सव्वादोनशे किलोंच्या पुढच्या आंद्रेला होगननं उचलून आपटलं, ते सगळ्या जगानं पाहिलं. मी पोरांना बघायला सांगणार आहे तो आंद्रे. त्याच्या पाठीचं ऑपरेशन झालेलं होतं आणि कपड्याच्या आत त्यानं पट्टा बांधला होता. अशा पाठीनं तो स्वतःला उचलू देतो, आपटू देतो आणि पुढच्या माणसाला मोठा करून जातो. निकाल खोटा असला तरी पाठ खरी होती.

दारासिंग आणि किंगकाँग हे आमच्या वडिलांच्या पिढीचं वेड. मुंबईच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमच्या गोष्टी ते अशा सांगत की जणू स्वतः पुढच्या रांगेत बसले होते. वडील आयुष्यात मुंबईला गेले नव्हते. १९६८ च्या मे महिन्यात दारासिंगनं मुंबईत लू थेझला हरवलं. हा थेझ कसलेला, अस्सल मल्ल होता. ही कुस्ती मी यादीत घेतली नाही, कारण दारासिंग म्हटलं की पोरांना रामायणातला हनुमानच आठवतो आणि अर्धा तास त्यातच जातो.

मातीतल्या कुस्त्यांकडे वळलो तेव्हा खरी पंचाईत झाली. ज्या कुस्त्या महाराष्ट्रानं डोक्यावर घेतल्या त्यांतल्या बहुतेकांचं चित्रण नाही, आणि आहे ते पडद्यावर लावण्यासारखं नाही. त्या सांगूनच दाखवाव्या लागतात. म्हणून मी असं ठरवलं की पडद्यावरच्या दोन कुस्त्यांच्या मध्ये एक कुस्ती तोंडी. गामा आणि झिबिस्को तोंडीच. १० सप्टेंबर १९१०, लंडन. पोलंडचा झिबिस्को जवळजवळ अडीच तास पालथा पडून मॅटला चिकटून राहिला आणि गामाला काही करता आलं नाही. कुस्ती बरोबरीत सुटली. पुढच्या आठवड्यात पुन्हा जोड लागायची होती, झिबिस्को आलाच नाही. मग १९२८ मध्ये पतियाळाला दोघं परत भेटले आणि गामानं मिनिटाच्या आत त्याला आस्मान दाखवलं. लोक पतियाळाची कुस्ती सांगतात. मला लंडनची जास्त शिकवणारी वाटते. समोरचा लढायलाच तयार नसेल तर जगजेत्याचंही काही चालत नाही, हे आमच्या शाळेतल्या पोरांना लवकर कळलेलं बरं.

आता बीडचं काय? यादीत आपल्या जिल्ह्याची माती कुठं आहे, असं पोरांनी विचारलंच.

उत्तर इतिहासात आहे. कोल्हापूरला शाहू महाराज होते. त्यांनी पैलवान पोसले, तालमी बांधल्या, खासबागेचं मैदान उभारलं. १९१२ मध्ये त्या मैदानात गामाचा भाऊ इमामबक्ष आणि गुलाम मोहिउद्दीन यांची जोड लागली. आपण तेव्हा निजामाच्या मुलखात होतो आणि सप्टेंबर १९४८ पर्यंत तिथंच राहिलो. हैदराबाद शहरात पैलवानी होती, पण तिचा हात बालाघाटाच्या डोंगरापर्यंत पोचला नाही. इथल्या तालमी गावानं वर्गणी काढून चालवल्या. आमच्या तालमीच्या हौद्यातली लाल मातीसुद्धा बाहेरून आणलेली आहे, इकडची माती काळी आणि चिकट. ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती मळली, की कुठून आली हे कुणी विचारत नाही.

म्हणून ज्याच्या अंगात कुस्ती दिसली त्याला बापानं कोल्हापूरला नाही तर पुण्याला पाठवायचं, अशी रीत पडली. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी ही कोल्हापूरच्या तालमींची नावं आमच्याकडच्या ज्या घरांत कोल्हापूर कुणी पाहिलेलं नसतं तिथंही माहीत असतात. दसरा-दिवाळी झाली की इथली माणसं बैलगाड्या आणि कोयते घेऊन पश्चिमेच्या साखर कारखान्यांवर ऊस तोडायला निघतात. पैलवानाची वाटही तीच, फक्त त्याच्या पेटीत लंगोट आणि बदाम. तोडीवरची माणसं हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडल्यावर परत येतात आणि यात्रा भरतात. पैलवान यात्रेपुरता येतो, शेवटची मानाची कुस्ती खेळतो आणि पुन्हा जातो. बीडच्या बळाच्या मोठ्या कुस्त्या बीडच्या बाहेर झाल्या, आणि निवड करायची तर मी कुस्ती कुठं झाली हे न बघता पैलवान कुठून निघाला ते बघणार.

याला एक अपवाद सांगतो. १९८२ मध्ये महाराष्ट्र केसरीची स्पर्धा खुद्द बीडला झाली. गदा संभाजी पाटलांनी नेली. मी तेव्हा विशीच्या आत होतो. एसटीनं गेलो आणि इतका मागं उभा राहिलो की दिसली ती पुढच्याची मान. हलगी ऐकू येत होती आणि आरोळी उठली की कुणीतरी पडलं एवढं समजत होतं. त्या कुस्तीबद्दल मी आजवर फार सांगत आलोय. पडद्यावर दाखवायला काही नाही, आणि पाहिल्याशिवाय सांगितलेलं पुरे झालं.

तोंडी कुस्त्यांत माझी सगळ्यात आवडती हरिश्चंद्र बिराजदार आणि सतपाल यांची, बेळगावच्या मैदानातली. बिराजदार आपल्या शेजारचे, लातूर जिल्ह्यातल्या निलंग्याकडचे. १९६९ ला लातुरातच महाराष्ट्र केसरी झाले, १९७० ला एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सोनं आणलं, पुढं रुस्तम-ए-हिंद झाले. सत्तरच्या दशकात दिल्लीचा सतपाल महाराष्ट्रात येऊन भल्याभल्यांना लोळवत होता. आमच्याकडे म्हातारी माणसं अजून ते दिवस पावसाळ्यांसारखे मोजतात : सतपाल कुणाला भारी पडला, कुणी त्याला अडवलं. बिराजदारांनी त्याला बेळगावात चितपट केलं तेव्हा लातूर-बीडकडच्या माणसाला पहिल्यांदा वाटलं की जोरात बोलायला हरकत नाही. तोवर कुस्तीत आम्ही प्रेक्षकच होतो.

पण बिराजदारांचं नाव मी यादीत घेतो ते त्यांच्या वस्तादकीमुळं. पुण्यात गोकुळ वस्ताद तालमीत ते पोरं घडवत होते. आमच्या पाटोद्याचे बाळासाहेब आवारे स्वतः पैलवान. त्यांनी आपला मुलगा राहुल तिथं नेऊन सोडला. राहुलची चण लहान. खेड्यात अशा पोराला माणसं रेवड्यांवरच्या कुस्तीत टाळ्या वाजवतात आणि मोठेपणी विसरतात, कारण मानाची कुस्ती वजनदारांची. मॅटवर मात्र वजनाचे गट असतात, आणि तिथं ५५-५७ किलोच्या माणसाला जग मोकळं असतं. खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत कांस्य घेतलं तेही ५७ किलोच्या गटात. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा माणूस, स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक देणारा. खाशाबांच्या कुस्त्यांतून मी हरलेली निवडली आहे, जपानच्या इशीबरोबरची. इशी पुढं सुवर्ण घेऊन गेला. ती लांबलेली कुस्ती संपते न संपते तोच खाशाबांना सोव्हिएत संघाच्या मल्लासमोर उभं केलं, मधली विश्रांती मागायला भारताचा कुणी अधिकारी तिथं हजर नव्हता, असं आपल्याकडे सांगत आले आहेत. दमलेला माणूस कसा उभा राहतो हे पोरांना सांगायला याच्याइतकी चांगली गोष्ट माझ्याकडे नाही.

राहुलचीही वाट तशीच लांबली. २००८ ला पुण्यातल्या युवा राष्ट्रकुल स्पर्धेत सोनं, २०११ ला आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत कांस्य, आणि त्याच वर्षी बिराजदार गेले. पुढं काका पवारांनी त्याला हाताखाली घेतलं, तेही लातूरकडचेच. लंडन ऑलिंपिकला त्याच्या गटात अमितकुमार गेला, रिओला संदीप तोमर. पाटोद्यातल्या चहाच्या टपऱ्यांवर त्या दोन्ही वर्षी जे बोललं गेलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

आणि मग १२ एप्रिल २०१८, गोल्ड कोस्टची राष्ट्रकुल स्पर्धा. उपांत्य फेरीत पाकिस्तानचा बिलाल, अंतिम फेरीत कॅनडाचा स्टीव्हन ताकाहाशी. ही अंतिम कुस्ती अख्खी दाखवायची, एक सेकंद कापायचा नाही, असं मी पोरांना बजावलंय. १५-७ हा आकडा बघून कुस्ती एकतर्फी वाटते. तशी ती नव्हती. गुण दोन्हीकडे पडत होते, मध्येच राहुलला दुखापत झाली, तो कळवळला आणि पुन्हा उभा राहिला. त्याच्या चालीत मातीतली सवय दिसते : पकड मिळाली की गुणावर समाधान नाही, पाठ लावायलाच बघायचं. सहा मिनिटांच्या खेळात हा हावरटपणा कधी अंगाशी येतो, त्या दिवशी कामी आला. त्या स्पर्धेत भारताला कुस्तीतलं पहिलं सोनं त्यानं दिलं, सुशीलकुमारचं त्याच दिवशी नंतर आलं. राहुलनं पदक बिराजदार वस्तादांना वाहिलं.

२०१९ ची नूर-सुलतानची जागतिक स्पर्धा घ्यायची की नाही यावर वाद झाला. तिथं राहुल ६१ किलोत खेळला. उपांत्य फेरीत जॉर्जियाच्या लोमताद्झेकडून हरला आणि कांस्याच्या कुस्तीत अमेरिकेच्या टायलर ग्राफला ११-४ नं हरवलं. एक पोरगा म्हणाला, सर, पण ६१ किलो ऑलिंपिकमध्ये नाहीच, मग त्याचा उपयोग काय झाला? खरं आहे. टोकियोला ५७ किलोत रवी दहिया गेला आणि रौप्य घेऊन आला. राहुलला २०२० ला अर्जुन पुरस्कार मिळाला, पोलिसात उपअधीक्षकपद मिळालं, ऑलिंपिक मिळालं नाही. तरी ग्राफची कुस्ती मी ठेवली. हरल्यावर माणूस पुन्हा लंगोट कसतो की नाही, हे त्यातच दिसतं.

अलीकडच्यांतली एक, जानेवारी २०२० ची महाराष्ट्र केसरी, बालेवाडी. हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचा शैलेश शेळके, दोघंही काका पवारांच्याच तालमीतले. एका ताटात जेवणाऱ्यांची जोड, एकमेकांचे सगळे डाव पाठ. त्यामुळे खेळ म्हणून ती काही फार रंगली नाही, ३-२ एवढ्यावर सुटली. जुन्या जाणत्यांनी नाकं मुरडली. निकालानंतर सदगीरनं शेळकेला खांद्यावर उचलून मैदानात फिरवलं, तेवढ्यासाठी मी ती घेतली. कुस्तीपेक्षा तो फेरा जास्त वेळ दाखवायचा.

यादी पुरी झाली असं वाटत होतं तेव्हा तालमीत सकाळी येणाऱ्या तीन मुलींपैकी एक पुढं आली. सर, यात आमची कुठली? म्हाताऱ्यांपैकी कुणीतरी खाकरलं. मी २०२३ घातलं : मार्च महिना, सांगली, मुलींची पहिली महाराष्ट्र केसरी, प्रतीक्षा बागडीनं कल्याणच्या वैष्णवी पाटीलला हरवून गदा घेतली ती कुस्ती. दोन तासांत बसवायला दारासिंगसारखंच आणखी कुणाला तरी वगळावं लागेल, ते रात्री बघू.

त्या मुलीला दुसऱ्या दिवशीच्या फडातही खेळायचंय. गावात तिच्या वजनाची जोड नाही. जामखेडकडच्या एका वस्तादांना फोन केला, त्यांच्याकडे पोर आहे. गाडीभाडं कोण देणार हे यात्रा कमिटीत ठरायचंय, आणि इनाम मुलांएवढंच लावायचं, हे मात्र मी त्यांना आधीच सांगून टाकलंय.