उधळ्या पुत्राची तबकडी



लूकच्या शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राचा दाखला प्रायश्चित्त काळात आपण ऐकत आलो आहोत. त्यातली एक जागा मात्र सहज निसटते. धाकटा भाऊ परत आल्याचे थोरल्याला आधी कोणी सांगत नाही. तो शेतातून घराजवळ येतो तेव्हा वाद्यांचा आणि नाचाचा आवाज त्याच्या कानी पडतो (लूक 15:25), मग तो चाकराला विचारतो. घरात काय घडले हे त्याला प्रथम कानांनी कळते.

याच दाखल्याच्या आवाजाचा एक इतिहास आहे. जॉर्ज ग्रियर्सन या इंग्रज सरकारच्या अधिकाऱ्याने 1894 मध्ये भारतातील भाषांची मोठी पाहणी हाती घेतली. प्रत्येक बोलीचा एकसारखा नमुना हवा, म्हणून त्याने उधळ्या पुत्राची गोष्ट निवडली. कारण भक्तीचे नव्हते, व्याकरणाचे होते. या एका गोष्टीत मी-तू-तो ही तिन्ही सर्वनामे, बहुतेक विभक्ती आणि तिन्ही काळ येतात. लोकांच्या भावना दुखावू नयेत म्हणून त्याने मजकुरात किरकोळ बदलही केले. पुष्ट वासरू कापण्यापाशी आपल्या देशात काय अडले असते हे सांगायला नको! मराठीचा खंड 1905 साली निघाला.

पुढे कागद अपुरा वाटू लागला. उच्चार आणि हेल अक्षरांत कसे उतरणार? म्हणून 1913 ते 1929 या काळात ठिकठिकाणी माणसांना ग्रामोफोनच्या कर्ण्यापुढे बसवून बोलते केले गेले. लाखेच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-चार मिनिटे मावत. तेवढ्यात बापाचे घर सोडायचे, डुकरे राखायची, पश्चात्ताप करायचा आणि परतही यायचे! काही तबकड्यांवर गाणीही आहेत. बोलणाऱ्यांपैकी पुष्कळ जण ख्रिस्ती नव्हते, तरी शुभवर्तमानातली ही गोष्ट त्यांच्या तोंडून जपली गेली. आज शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल साउथ एशिया लायब्ररीमुळे ती मुद्रणे घरबसल्या ऐकता येतात. खरखर पुष्कळ आहे, पण माणूस कळतो.

आम्ही मोठ्या आशेने आपल्या भागाचा आवाज शोधायला गेलो. पण ग्रियर्सनची पाहणी मद्रास इलाखा, म्हैसूर आणि निजामाचे हैदराबाद संस्थान येथे झालीच नव्हती, आणि बीदर-गुलबर्गा तेव्हा निजामाकडे. नंतर 1 नोव्हेंबर 1956 रोजी बीदर जिल्ह्याचेच तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले. भालकी, औराद, बसवकल्याण म्हैसूरमध्ये आले. सीमेच्या या बाजूची मराठी कन्नड, उर्दू आणि तेलुगूच्या शेजारात वाढली. ती कानालाच कळते, पुस्तकात सापडत नाही. आमची मुले आज कन्नडमध्ये प्रार्थना म्हणतात, आणि त्यात वाईट काहीच नाही. पण आजोबांची भजने त्यांना अर्धीच कळतात.

आमचाही एक अपराध आहे. ढोलकीवर टिळकांची भजने म्हणणाऱ्या एका वृद्ध बंधूंचे गाणे आम्ही फोनवर घेतले होते. फोन दुरुस्तीला दिला आणि सगळे पुसले गेले. दुसरी प्रत ठेवली नव्हती. ते बंधू आता प्रभूघरी आहेत. शंभर वर्षांपूर्वीची लाख टिकली, आमचे मुद्रण वर्षभरही टिकले नाही.

तेव्हापासून आम्ही रीत बदलली. मुद्रण सुरू होताच म्हणणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख मोठ्याने बोलायची. व्हॉट्सअॅपवर पाठवलेला आवाज दाबला जातो, म्हणून मूळ फाइल वेगळी ठेवायची. एक प्रत संगणकात, एक पेनड्राइव्हवर, आणि तोही दुसऱ्या घरी. आणि ज्याचा आवाज आहे त्याला आधी विचारायचे. काही आजी नको म्हणतात, तेही मानायचे.

गेल्या महिन्यात भालकी तालुक्यातील एका आजींना आम्ही हाच दाखला सांगायला लावला. पुस्तक न बघता त्या सहा मिनिटे बोलल्या. वासरू त्यांनीही वगळले. त्यांच्या गोष्टीतला बाप धावत जातो, पोराला गळ्याशी धरतो आणि घरात वळून ओरडतो, हुग्गी शिजवा म्हणून. मागे कोंबडा आरवतो, तोही आम्ही तसाच ठेवला आहे.