गोफण आणि अणू

शेताच्या माळ्यावर उभे राहून गोफण फिरविणाऱ्याच्या हाताला दगड बाहेर ओढ देतो. त्यावरून दगडावरही बाहेरच्या बाजूने जोर असला पाहिजे, असा आपला समज होतो. वास्तविक दगडावर जोर असतो तो दोरीचा, आणि तो आतल्या बाजूस. दोरी सुटली की दगड सरळ स्पर्शरेषेत निघून जातो. १९१३ साली नील्स बोर या सत्तावीस वर्षांच्या डॅनिश शास्त्रज्ञाने हायड्रोजनच्या अणूचे चित्र रेखाटले, त्यात ही दोरी विद्युत् आकर्षणाची होती.

अणूतील धनविद्युत् मध्यभागी एका सूक्ष्म गर्भात एकवटलेली आहे, हा निष्कर्ष रदरफर्ड यांनी मँचेस्टर येथे १९११ साली मांडला होता. या गर्भाभोवती एकच इलेक्ट्रॉन सेकंदाला सुमारे २,२०० किलोमीटर वेगाने फिरतो, असे बोर यांचे गणित सांगत होते. दोघांमधील गुरुत्वाकर्षण इतके क्षुद्र, की ते खुशाल सोडून द्यावे. उरते ते एकच आकर्षण. तेच इलेक्ट्रॉनला वळविते. त्याला तोलून धरणारे दुसरे बल तेथे नाही.

पण खरी अडचण पुढेच होती. मॅक्सवेलच्या सिद्धांतानुसार असा वळणारा विद्युत्भार प्रकाश फेकीत राहतो आणि शक्ती गमावतो. हिशेब मांडला, तर सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या आतच इलेक्ट्रॉन गर्भात कोसळावा. मग ही सृष्टी टिकली कशी?

बोर यांनी कूलोमचे आकर्षण ठेवले, न्यूटनचे गतिशास्त्रही ठेवले. मात्र काही ठराविक कक्षांत इलेक्ट्रॉन प्रकाश फेकीतच नाही, असे गृहीत धरले. का, याला उत्तर नव्हते. परंतु बासेलच्या बामर या शाळामास्तरांनी १८८५ साली हायड्रोजनच्या वर्णरेषांसाठी बसविलेले सूत्र त्यातून अचूक निघाले. हस्तलिखित वाचून रदरफर्ड यांनी नेमकी शंका काढली: कोठे थांबायचे, हे इलेक्ट्रॉनला आधीच कसे कळते?

त्या शंकेचे समाधान होण्यास १९२५-२६ साल उजाडावे लागले. हायझेनबर्ग आणि श्रोडिंजर यांच्या नव्या गणितात ती वर्तुळाकार कक्षाच उरली नाही. उरले ते गर्भाचे आकर्षण. शाळेच्या पुस्तकांतले वर्तुळ पाहताना एवढे ध्यानी ठेवावे, की त्यातली दोरी खरी होती.