हातास काम : जालना मुलखातील उद्योगशिक्षणाची हकीकत



या महोत्सवी अंकात मंदिराची पायाभरणी, धर्मगुरूंची परंपरा, धर्मभगिनींचे शुश्रूषाकार्य इत्यादी विषयांवर इतरांनी लिहिलेच आहे. आमच्या वाट्यास आलेला विषय तितका मंगल नव्हे, पण तो धर्मग्रामातील प्रत्येक उंबरठ्याशी निगडित आहे. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत बालकाच्या नावापुढे पित्याचा धंदा लिहिण्याचा एक रकाना असतो. जुन्या पानांवरून बोट फिरवीत गेले असता त्या रकान्यात पानामागून पान एकच शब्द भेटतो : मजूर. हा शब्द बदलावा म्हणून या मुलखात कोणी काय केले, त्यातले काय साधले व काय फसले, एवढेच आम्हांस येथे सांगावयाचे आहे.

पूर्वीच्या गावगाड्यात धंदा शिकण्यास शाळा लागत नसे, कारण तो जन्मानेच ठरे. सुताराचा मुलगा वाकस हाती घेई, लोहाराचा भाता ओढी, कुंभाराचा चाकावर बसे, आणि सुगीत खळ्यावर ज्याला त्याला आपले बलुते मिळे. महाराच्या वाट्यास येसकरकी, सांगावा पोचविणे, शिवेचा तंटा पडला असता साक्ष देणे व मेलेले ढोर ओढणे. मांगाच्या वाट्यास दोर वळणे व केरसुण्या बांधणे. आमच्यापैकी बहुतेक कुटुंबांचे पूर्वज याच दोन वाड्यांतून आले, हे लिहिताना आम्हांस यत्किंचितही संकोच वाटत नाही. प्रभूचा स्वीकार केल्यावर त्यांच्यापुढे पहिला प्रश्न उभा राहिला तो पोटाचा. गावकीची कामे सोडावी तर बलुते जाते, आणि न सोडावी तर जुनी लाचारी तशीच राहते. दुसरा हुन्नर शिकण्याची सोय नव्हती. कोणता सुतार महाराच्या पोरास आपल्या पडवीत बसवून रंधा धरावयास शिकविता?

या प्रश्नास जालन्याजवळ प्रथम हात घातला तो नारायण शेषाद्री यांनी. ब्राह्मण कुळात जन्मलेल्या या तरुणाने 1843 साली मुंबईत स्कॉटिश मिशनऱ्यांच्या हस्ते बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत यास न्यायालयाने पित्याच्या स्वाधीन केले, आणि त्याला पुन्हा जातीत घ्यावे की नाही यावरून मुंबईत मोठेच वादळ उठले. त्या वादात बाळशास्त्री जांभेकर मुलाच्या शुद्धीच्या बाजूने उभे राहिले, हे महाराष्ट्राच्या इतिहासाचे वाचक जाणतातच. नारायणराव पुढे पाळक झाले व जालन्यास आले. येथे त्या काळी हैदराबाद कंटिंजंट फौजेची छावणी होती. सर सालारजंग यांच्या दिवाणगिरीत त्यांनी निजाम सरकारकडून जमीन मिळविली व शहरानजीक बेथेल नावाचे ख्रिस्ती गाव वसविले. प्रार्थनामंदिर, शाळा व शेती ही त्या गावाची अंगे होत. सांगण्याजोगी गोष्ट ही की, या गावात पूर्वाश्रमीच्या महार-मांगांस कसावयास जमीन व राहावयास घर मिळाले, आणि वाडा गावकुसाबाहेर असण्याचा प्रश्नच उरला नाही, कारण अवघे गावच त्यांचे होते.

शेषाद्री आमच्या मंडळीचे नव्हते. ते प्रेस्बिटेरियन होते. परंतु इतिहास लिहिताना शेजाऱ्याचे ऋण लपविणे आठव्या आज्ञेस धरून होणार नाही. त्यांनी जे केले त्याचे मर्म एका वाक्यात सांगता येते : त्यांनी माणसास केवळ अक्षर दिले नाही, अक्षराच्या पायाखाली जमीन दिली. पुढील काळात ज्या ज्या संस्थांनी नुसते शिक्षण दिले व पायाखालच्या जमिनीचा विचार केला नाही, त्यांची शिक्षणे वाऱ्यावर गेली असे आमचे स्पष्ट मत आहे.

शेषाद्री 1891 साली निवर्तले. त्याच वर्षाच्या मे महिन्यात पोप महाशय तेरावे लिओ यांनी मजुरांच्या स्थितीविषयी आपले ‘रेरुम नोव्हारुम’ हे परिपत्रक प्रसिद्ध केले व कष्टकऱ्यास न्याय्य वेतन मागण्याचा आणि संघ करण्याचा हक्क आहे असे जगास बजाविले. अर्थात रोमचे ते शब्द गोदावरीच्या खोऱ्यात पोचावयास फार काळ लागला. आमच्या कॅथलिक मिशनचा या बाजूस आरंभ 1892 चा. संत फ्रान्सिस दि सेल्स यांच्या संघाचे फादर मारियन थेवने यांनी त्या साली घोगरगाव येथे ठाणे दिले. त्यानंतर थोड्याच वर्षांत 1899–1900 चा भयंकर दुष्काळ पडला. दाराशी आलेली पोरकी लेकरे जगविणे हेच त्या काळच्या मिशनऱ्यांचे काम होऊन बसले. त्याच सुमारास मनमाडहून निघालेला लोहमार्ग जालन्यावरून हैदराबादेकडे गेला, आणि बलुत्याच्या बाहेर रोख पगाराची नोकरी असू शकते हे खेड्यांतील माणसाने आपल्या डोळ्यांनी पाहिले. आमच्या लोकांपुरते बोलावयाचे तर पहिली पगारी नोकरी धर्मशिक्षकाची, म्हणजे गावच्या ‘मास्तरां’ची. दिवसा मुलांस धुळाक्षरे, रात्री प्रौढांस प्रार्थना, आणि महिनाअखेर तुटपुंजा पगार. त्या पगाराने किती घरांतील पुढची पिढी शाळेत टिकली हे त्या घरांनाच ठाऊक.

निजामी राजवट 1948 साली संपली. धर्मप्रांतांची रचनाही पालटत गेली. नागपूरच्या छत्राखालील हा भाग 1955 साली अमरावतीकडे गेला, आणि 1977 साली औरंगाबाद धर्मप्रांत स्वतंत्र होऊन बिशप डॉमिनिक आब्रेओ त्याचे पहिले मेंढपाळ झाले. दरम्यान देशात औद्योगिक प्रशिक्षणाच्या सरकारी संस्था निघाल्या. जोडारी, वीजकाम, कातारी शिकविले जाऊ लागले. पण त्यांचे दार शालान्त परीक्षेच्या आसपास उघडत असे, आणि आमची बहुसंख्य मुले त्या दारापर्यंत पोचण्याआधीच गुरांमागे गेलेली असत.

आता 1972 च्या दुष्काळाकडे वळू. मराठवाड्यात ज्याने तो पाहिला त्याला त्याचे वर्णन सांगणे नलगे. विहिरी तळाला गेल्या. शेतकरी व शेतमजूर, पाटील व वाड्यातला माणूस, एकाच खडीच्या ढिगावर हातोडा घेऊन बसले. परदेशातून आलेल्या तांबड्या मिलोच्या भाकरी व मुलांच्या हातावर पडणारी सुकडी यांची चव त्या पिढीच्या जिभेवरून अद्याप गेलेली नाही. याच आपत्तीतून महाराष्ट्राची रोजगार हमी योजना राज्यभर पसरली. तिचे जनक वि. स. पागे हे त्या वेळी विधानपरिषदेचे सभापती होते. 1965 साली तासगाव तालुक्यात त्यांनी तिचा प्रयोग केला होता. 1977 साली तिचा कायदा झाला व 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. मागेल त्यास काम देण्यास सरकार बांधले गेले, आणि त्याचा खर्च शहरी पगारदारांच्या व्यवसायकरातून उभा राहू लागला. केंद्राने तशाच धर्तीचा कायदा 2005 साली केला. म्हणजे दिल्लीस सव्वीस-अठ्ठावीस वर्षे लागली.

या योजनेची थोरवी आम्ही मान्य करतो. बाईस तिच्या नावे मजुरी मिळाली, पाझर तलाव झाले, रस्ते झाले, भूकबळी टळले. परंतु तिच्यात एक उणीव राहिली. जो मनुष्य पहिल्या दिवशी खडी फोडीत आला तो दहा वर्षांनंतरही खडीच फोडीत होता. हातास काम मिळाले, हातास कसब मिळाले नाही.

जालना जिल्हा 1 मे 1981 रोजी अस्तित्वात आला. राज्याच्या दृष्टीने तो महाराष्ट्रदिन. ख्रिस्तसभेच्या पंचांगात तो श्रमिक संत योसेफ यांचा सण होय, जो पोप महाशय बारावे पायस यांनी 1955 साली घालून दिला. सुताराच्या सणादिवशी जन्मलेला हा जिल्हा! त्याच वर्षी सप्टेंबरात पोप महाशय दुसरे जॉन पॉल यांनी मनुष्याच्या श्रमावर परिपत्रक लिहिले. हा योगायोग आम्ही प्रवचनात अनेकदा सांगितला आहे, व पुढेही सांगू.

जिल्हा झाल्यावर दोनच वर्षांनी, 1983 साली, जालन्यानजीक खरपुडी येथे मराठवाडा शेती साहाय्य मंडळाने कृषि विज्ञान केंद्र चालविण्यास घेतले. अशा केंद्रांची कल्पना मूळची अशी की, शेतकऱ्यास व ग्रामीण तरुणास पुस्तकाविना, पदवीविना, प्रत्यक्ष करून धंदा शिकवावा. देशातील पहिले केंद्र 1974 साली पुदुच्चेरीस निघाले. खरपुडीचे नाव विजयअण्णा बोराडे यांच्या नावाशी जोडलेले आहे. या केंद्राने 1996 पासून कडवंची या गावी पाणलोटाचे काम हाती घेतले. त्यास पैसा आला तो भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमातून, आणि त्या कार्यक्रमाचे मूळ आमच्याच एका धर्मगुरूंपर्यंत पोचते, ही गोष्ट आमच्या लोकांस बहुधा ठाऊक नसते. स्वित्झर्लंडहून आलेले येशूसंघीय फादर हेर्मान बाखर यांनी अहमदनगरास (आताचे अहिल्यानगर) आयुष्य वेचले. 1993 साली क्रिस्पिनो लोबो यांच्यासह त्यांनी पाणलोटाच्या कामासाठी ‘वॉटर’ ही संस्था उभी केली. त्यांची रीत अशी की, आधी गावाने श्रमदान करून दाखवावे, चराईबंदी व कुऱ्हाडबंदी स्वीकारावी, आणि मगच पैसा यावा. माथ्यापासून पायथ्यापर्यंत बांधबंदिस्ती, पाण्याची धाव मंदावेल असे चर, नाल्यावर बांध : कामे साधीच; पण ती गावाने आपली मानली.

कडवंचीत पाणी मुरले, शेततळी झाली, आणि कोरडवाहू रानात द्राक्षांचे मांडव उभे राहिले. आमच्या विषयाशी याचा संबंध असा. द्राक्षबागेस एप्रिलात खरडछाटणी लागते, ऑक्टोबरात गोडी छाटणी लागते, पुढे घडांची विरळणी लागते. ही कामे येरागबाळ्याची नव्हेत. कोणता डोळा ठेवावा, कोणता काढावा, हे ज्याला कळते त्याला मागणी असते. म्हणजे येथे प्रशिक्षण आधी व काम मागाहून असा क्रम नव्हता; पाण्याने काम आणले आणि कामाने कसब शिकविले.

बीजोत्पादनाचीही तीच कथा. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 साली जालन्यात महिको कंपनी काढली. 1998 साली त्यांस जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. संकरित भेंडी वा कापसाचे बी करावयाचे तर दुपारनंतर कळीतील पुंकेसर हलक्या हाताने काढून टाकावयाचे व दुसऱ्या सकाळी परागकण लावावयाचे. हे काम मुख्यतः बायकांनी केले, आणि कोणत्याही संस्थेच्या प्रमाणपत्राविना त्या त्यात निष्णात झाल्या. या धंद्यात देशात ठिकठिकाणी शाळकरी मुलींचे हात राबविले गेले, त्याबद्दल टीका झाली व ती योग्यच होती.

एवढे सर्व होऊनही दिवाळीच्या पुढेमागे अंबड, घनसावंगी, मंठा या बाजूंचे रस्ते पाहावे. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी ट्रकांत व ट्रॅक्टरांत संसार भरून ऊसतोडीस निघतात. नवराबायको मिळून एक ‘कोयता’. माणसाची गणतीही हत्याराने! पोरांची शाळा तुटते. साखरशाळांनी ती थोडीफार सांधली, पूर्ण नाही. नाताळच्या रात्री मंदिरातील बाके निम्मी रिकामी असतात व आमचे लोक कुठल्याशा कारखान्याच्या फडात पाचटाच्या कोपीपुढे बसून गीते गातात. अशा घरातील मुलीस तीन महिन्यांचा शिवणवर्ग दिला म्हणून काय होणार? यंत्र कोठून आणावे, उचल फिटण्याआधी घरी कसे थांबावे, आणि ज्या वाडीत प्रत्येक मुलगी शिवण शिकलेली आहे तेथे गिऱ्हाईक कोण, हे तीन प्रश्न वर्गाच्या फळ्यावर कधी लिहिले गेले नाहीत. शिवणवर्गांविषयी आमच्या मनात आकस नाही. धर्मभगिनींनी ते मोठ्या मायेने चालविले, आणि त्यांतून काही घरे सावरलीही. परंतु शिकविण्याआधी कामाचा ठाव घेणे व शिकविल्यावर पहिले वर्ष पाठीशी राहणे, हा अर्धा भाग बहुधा वगळला गेला.

अलीकडील नोंदींत पित्याच्या धंद्याच्या रकान्यात वाहनचालक, शिक्षक, गवंडी असे शब्द अधूनमधून दिसू लागले आहेत. ‘मजूर’ मात्र अद्याप सर्वांत अधिक आहे.

एक विनंती करून थांबतो. 1972 च्या कामांवर ज्यांनी हातोडा धरला त्यांपैकी फार थोडे आता उरले आहेत. कोणत्या तलावावर कोण होते, हजेरी कोण घेई, मजुरी किती मिळे, हे कोठेही लिहिलेले नाही. ज्यांच्या घरी अशी वडील माणसे आहेत त्यांनी रविवारच्या मिस्सेनंतर त्यांस धर्मगुरुनिवासात घेऊन यावे. वही तयार आहे.